फ्रान्सची ती 18 क्षेपणास्त्रं शोभेची नव्हती

फ्रान्सच्या अण्वस्त्रांबद्दल एक मजकूर बरेच जण एकमेकांना पाठवत आहेत. त्यातले दावे असे: फ्रान्सची जमिनीवरून डागायची क्षेपणास्त्रं जर्मनांच्या ज्ञानावर आणि अमेरिकेच्या मेहेरबानीवर उभी राहिली, जेमतेम 18 असल्यामुळे ती शोभेचीच होती, आणि 1996 मध्ये फ्रान्सने शांततेसाठी त्यांच्यावर पाणी सोडलं. असा अर्धवट इतिहास खपू देणं मला पटत नाही.

युद्धानंतर जर्मन अभियंते फ्रान्समध्ये आले, हे खरं. व्हेर्नाँच्या लष्करी प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं आणि तिथून व्हेरोनिक रॉकेट निघालं. पण ती परंपरा द्रव इंधनाची. एरियान या युरोपीय उपग्रह-प्रक्षेपकाचं व्हायकिंग इंजिन तिच्यातूनच आलं आणि त्याच तंत्रज्ञानावरून आपल्या इस्रोचं विकास इंजिन घडलं. अण्वस्त्राची गरज वेगळी असते. महिनोन्‌महिने तयार राहून आदेश येताच उडायचं, तर घन इंधन जास्त सोयीचं. त्यासाठी 1959 मध्ये सेरेब ही कंपनी काढली गेली आणि अल्जेरियाच्या वाळवंटातल्या हमागीरमध्ये अगात, तोपाझ, साफीर अशी रत्नांची नावं दिलेली चाचणी-रॉकेटं उडू लागली. साफीरचा पहिला टप्पा द्रव इंधनावर चाले, हे मान्य. पण शेवटी जमिनीवर तैनात झालेल्या एस-2 या पहिल्या क्षेपणास्त्राचे दोन्ही टप्पे घन इंधनाचे होते.

अमेरिकेचा मुद्दा तर थेट उलटा आहे. डिसेंबर 1962 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ब्रिटनला पाणबुडीवरून डागायचं पोलारिस क्षेपणास्त्र देऊ केलं आणि तसाच प्रस्ताव फ्रान्सपुढेही ठेवला. 14 जानेवारी 1963 च्या पत्रकार परिषदेत फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी तो जाहीरपणे धुडकावला. 1964 मध्ये अमेरिकेनेच फ्रान्सच्या अण्वस्त्र कार्यक्रमाला मदत न करण्याचं धोरण ठरवलं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या काळात गुपचूप सल्लामसलत सुरू झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तोवर एस-2 चा आराखडा झाला होता, चाचण्या झाल्या होत्या आणि क्षेपणास्त्रं ठेवायचे जमिनीखालचे खड्डे, म्हणजे सायलोही, खणले गेले होते.

आता ‘शोभेची’ या शब्दाकडे येऊ. दक्षिण फ्रान्समधल्या आल्बियाँ पठारावर 27 सायलो व्हायचे होते, झाले 18. पहिली 9 क्षेपणास्त्रं 1971 मध्ये सज्ज झाली. एका स्फोटात दोन सायलो जाऊ नयेत इतकं अंतर त्यांच्यात ठेवलेलं होतं. डागण्याची नियंत्रण केंद्रं दोन, त्यातलं एक रुस्त्रेलला, सुमारे 500 मीटर चुनखडकाखाली. तिथली खोली म्हणजे काँक्रीटमध्ये बसवलेलं 28 मीटर लांबीचं पोलादी नळकांडं. 1980 पासून एस-2 च्या जागी आलेल्या एस-3 वर 1.2 मेगाटनचं अण्वस्त्र होतं, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे 80 पट. पल्ला साधारण 3500 किलोमीटर, मॉस्को आरामात टप्प्यात.

जागा ठरलेल्या आणि शत्रूला ठाऊक असलेल्या, हा आक्षेप खुद्द फ्रान्समध्येही घेतला जात होता आणि तो बिनतोड आहे. पण ही 18 क्षेपणास्त्रं नष्ट करायची तर सोव्हिएत संघाला फ्रेंच भूमीवर कित्येक अण्वस्त्रं टाकावी लागली असती. एवढा मोठा हल्ला कोणी केला आणि कशासाठी केला, याबद्दल राष्ट्राध्यक्षाला शंका उरली नसती आणि समुद्रातल्या पाणबुड्या उत्तर द्यायला मोकळ्याच होत्या. छोटा, गुपचूप वार करून फ्रान्सला गप्प बसवण्याची वाटच या पठाराने बंद केली होती. याला शोभा म्हणणाऱ्याने हे गणित मांडूनच पाहिलेलं नाही.

शांततेचं म्हणाल, तर हा तळ बंद करण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी फेब्रुवारी 1996 मध्ये केली. त्याच शिराक यांनी सप्टेंबर 1995 ते जानेवारी 1996 या काळात पॅसिफिकमध्ये सहा अणुचाचण्या केल्या होत्या! खरी कारणं साधी होती: सोव्हिएत संघ उरला नव्हता, एस-3 जुनं होत चाललं होतं, त्याच्या जागी यायचा प्रकल्प 1991 मध्येच रद्द झाला होता आणि पाणबुड्यांवरची क्षेपणास्त्रं त्याहून सरस ठरत होती. अण्वस्त्रं टाकून दिली, असं कुठेच झालं नाही. आजही एम-51 क्षेपणास्त्रं घेतलेल्या चार पाणबुड्या आणि राफेलवरून डागायची अण्वस्त्रं फ्रान्सकडे आहेत. 2020 मध्ये मॅक्रॉन यांनी हा साठा 300 च्या आत असल्याचं स्वतः सांगितलं होतं.