‘पोराला विहिरीत ढकला, भीती जाते’ म्हणणाऱ्यांसाठी

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी आली की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो: “माणूस दोनच भीती घेऊन जन्मतो, पडण्याची आणि मोठ्या आवाजाची. बाकी सगळ्या शिकलेल्या. पोराला सरळ विहिरीत ढकला, भीती कायमची जाते.” यातलं शेवटचं वाक्य पोराच्या जिवावर बेतू शकतं.

दोन भीतींची यादी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांची, शंभर वर्षांपूर्वीची. 1920 मध्ये त्यांनी आणि रोझाली रेनर यांनी 11 महिन्यांच्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवत पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारला. सात वेळा असं झाल्यावर तो नुसत्या उंदरालाही रडू लागला. मूल एकच, आणि त्याची भीती घालवायचं राहूनच गेलं.

पडण्याची भीती जन्मजात? 1960 मध्ये गिब्सन आणि वॉक यांच्या प्रयोगात काचेखाली खोल दिसणाऱ्या बाजूला बहुतेक बाळं गेली नाहीत. पण ती 6 ते 14 महिन्यांची, रांगणारी होती. न रांगणारं बाळ त्याच काचेवर ठेवलं तर हृदयाचे ठोके मंदावतात. घाबरल्यावर ते वाढले असते.

‘बाकी शिकलेल्या’ हे बऱ्याच अंशी खरं, पण सगळं सारखंच शिकलं जात नाही. मिनेका आणि कुक यांच्या प्रयोगात, प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांनी सापाला भिणाऱ्या माकडाचा व्हिडिओ पाहिला आणि तीही भिऊ लागली. सापाच्या जागी फुलं जोडली, तर फुलांना नाही भ्यायली. कातळावर फुरसं दिसल्यावर आजी कशी दचकते, एवढं पाहणंही नातवाला पुरू शकतं.

आता विहीर. ढकललेल्या पोराच्या नाकातोंडात पाणी जातं, श्वास कोंडतो. हातोड्याचंच काम ते. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या छोट्या पीटरला आवडीचं खायला देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. तसंच करा: पाठीला डबा बांधा, आधी पायरीवर बसून पाय पाण्यात, मग कमरेपर्यंत, मग तोंड बुडवून बुडबुडे, मग काठ धरून पाय मारणं. डबा सुटतो, म्हणून पोहणारा माणूस पाण्यातच, हाताच्या अंतरावर हवा. पोर रडलं तर एक पायरी मागे या, शांत होईपर्यंत तिथेच थांबा. रडता रडता घरी नेलंत, तर पाण्यापासून पळालं की बरं वाटतं, हेच ते शिकतं.

‘कायमची’ हाही दावा पोकळ. विझलेली सवय काही काळाने परत येते, हे पावलोव्ह यांनीच पाहिलं होतं. 2000 मध्ये नेडर, शाफे आणि लेडू यांनी उंदरांमधली भीतीची आठवण जागी करून ती पुन्हा पक्की होऊ दिली नाही. पण माणसांत तसे प्रयोग कधी साधतात, कधी फसतात. बाउटन यांनी दाखवलं की जागा बदलली की विझलेली भीती परतू शकते. विहिरीत निर्धास्त पोहणारं पोर खाडीवर पाय मागे घेतं ते नाटक नव्हे. तिथे ओहोटीची ओढ नसताना, उथळ पाण्यात, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.