गादीखालची फायबरची पट्टी हार्ट अटॅक ओळखत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘गादीखाली ऑप्टिकल फायबरची पट्टी ठेवा. तिचा लेझर झोपेत रक्तवाहिन्या तपासतो, ब्लॉकेज दाखवतो, झटका येणार असेल तर आदल्या रात्रीच सांगतो. हॉस्पिटलच्या मशीनइतकी अचूक. आता ईसीजी विसरा.’ संध्याकाळी बी विंगमधले काका खाली भेटले. म्हणाले, “तू फायबरमधला माणूस. सोमवारचा ईसीजी रद्द करू का?” काकांना मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी लेझरचं. तो अंगात शिरतच नाही. फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा धागा, 125 मायक्रॉन जाडीचा. प्रकाश त्याच्या आतून जातो आणि आतल्या आतच मोजला जातो. आम्ही केबल जोडताना तपासायला लाल लाईटचा पेन लावतो. धागा सरळ असेल तर बाहेर काही दिसत नाही. तोच बोटाभोवती घट्ट वळवला की वळणाशी लाल उजेड गळतो आणि पुढे तेवढा कमी पोचतो. आमच्या कामात हा दोष, दिवसदिवस तो शोधण्यात जातो. पण अशा अनेक पट्ट्या याच दोषावर चालतात. धागा जाळीवर बसवलेला असतो. वरून दाब आला की तो किंचित वाकतो, प्रकाश घटतो. दाब उतरला की पुन्हा वाढतो.

हा दाब येतो कुठून? हृदय दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतं आणि त्या धक्क्याने सगळं अंग अगदी थोडं हलतं. जुन्या काट्याच्या वजनयंत्रावर स्थिर उभं राहून बघा, ठोक्यागणिक काटा थरथरताना दिसेल. गॉर्डन नावाच्या संशोधकाने ही हालचाल 1877 मध्येच नोंदवली होती. पुढे अमेरिकेत डॉ. आयझॅक स्टार यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. तिला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. फायबरमुळे ती अंगाला काहीही न चिकटवता, झोपेत, घरच्या गादीवर टिपता येते. श्वासाची मोठी, संथ लाट आणि तिच्यावर ठोक्यांचे बारीक तरंग, असं ते येतं. मला हे खरोखर सुंदर वाटतं, आणि म्हणूनच त्याच्या नावावर खोटं खपवलेलं सहन होत नाही.

आता ब्लॉकेज. पट्टीला कळतं ते फक्त अंगाचं हलणं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा झटका येतो. त्या वेळीही हृदय मिनिटाला 80 ठोके देत राहू शकतं. पट्टीच्या मोबाईल ॲपवर ‘नॉर्मल’ असं हिरव्या अक्षरांत दिसत असतं आणि आत स्नायू मरत असतो. मला भीती त्या हिरव्या अक्षरांची आहे. आदल्या रात्री झटक्याची खात्रीने सूचना देईल असं काही ती मोजतच नाही.

ईसीजी मोजतो ती हृदयातली वीज. 12 लीडचा ईसीजी हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघतो, म्हणून कोणत्या भागाला रक्त कमी पडतंय याचा अंदाज येतो. तरी एक ईसीजी साधा आला म्हणून डॉक्टर लगेच सोडत नाहीत. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करतात, काही तासांनी पुन्हा करतात. हे काम दाबावर वाकणाऱ्या धाग्याकडून होणार नाही.

अचूकतेबद्दल एवढंच: माणूस एकटा आणि शांत पडलेला असेल तर ठोके चांगले मोजले जातात. कूस बदलली की तेवढा वेळ वाया. शेजारी दुसरं कोणी झोपलं असेल तर त्याचेही धक्के मिसळतात. ट्रान्स हार्बर लाईनच्या कडेच्या घरांत लोकल गेली की भांड्यातलं पाणी थरथरतं, मग गादीखालची पट्टी कशी सुटेल?

पट्टी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. रात्रीची नाडी आठवड्यागणिक वाढतेय का, श्वासाचा वेग बदलला का, ठोके वेडेवाकडे पडतायत का, याची ती खूण देऊ शकते. ठोक्यांची लय बिघडल्याची शंका आली तर खात्री ईसीजीनेच करायची. एमआरआयच्या खोलीत, जिथे धातूच्या तारा अडचणीच्या, तिथे काचेचा धागा फारच सोयीचा.

काकांना दोन गोष्टी सांगितल्या. छातीवर दडपण आलं, हात किंवा जबडा दुखला, घाम फुटला, दम लागला, तर ॲप उघडून बघायचं नाही, थेट 108 लावायचा. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येतो, त्यामुळे नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटलं तरी काकूंना उठवायचं. सोमवारचा ईसीजी ठरल्याप्रमाणे होतोय, मी सोबत जातोय. पट्टी त्यांनी घेतलीच आहे, तर तिचे आकडेही फाईलला लावून नेऊ.