‘परदेशी पायलट लायसन्स, इथे फक्त शिक्का’: त्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडपासून खारघर-उलव्यापर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘नवी मुंबई विमानतळ सुरू झाला, पायलटांचा तुटवडा आहे. मुलाला अमेरिकेत पाठवा. तिकडचं लायसन्स इकाओचं असतं, जगभर चालतं. डीजीसीए फक्त शिक्का मारून बदलून देतं, तास सगळे धरले जातात. परदेशी पायलट इथे तसेच उडवतात की! वर्षभरात मुलगा कॉकपिटमध्ये, आणि इथे नाही जमलं तर तिकडे नोकरी आहेच.’

मी ठाण्यात पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांना नेव्हिगेशन आणि रेग्युलेशन शिकवतो. हा मेसेज दाखवत पालक येतात, आणि त्यातले काही जण तोवर ॲडव्हान्स भरून बसलेले असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘लायसन्स इकाओचं असतं.’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. इकाओ ही संयुक्त राष्ट्रांची मॉन्ट्रियलमधली संस्था. ती किमान निकष ठरवते, लायसन्स कुणालाच देत नाही. ते देतो त्या त्या देशाचा नियामक. अमेरिकेत एफएए, आपल्याकडे डीजीसीए. गैरसमजाचं मूळ १९४४च्या शिकागो करारात आहे. त्याच्या ३३व्या कलमात एकमेकांची लायसन्सं मानायची असं म्हटलंय खरं, पण ते विमानाच्या नोंदणीशी बांधलेलं आहे. अमेरिकेत नोंदलेलं विमान घेऊन अमेरिकी लायसन्सवाला मुंबईत उतरला, तर आपण ते लायसन्स मानतो. ‘व्हीटी’ने सुरू होणारं, म्हणजे भारतात नोंदलेलं विमान चालवायचं तर लायसन्स भारताचं हवं किंवा भारताने दिलेली मान्यता हवी. त्याच्या आधीचं ३२वं कलम तर आणखी स्पष्ट आहे: आपल्याच नागरिकाने दुसऱ्या देशातून आणलेलं लायसन्स स्वतःच्या हद्दीत न मानण्याचा हक्क प्रत्येक देशाने राखून ठेवलाय. ठाण्याचा मुलगा अमेरिकी लायसन्स घेऊन परत येतो, ते प्रकरण नेमकं या कलमात बसतं.

आणि हे फक्त आपलेच लोक करतात असं समजू नका. ब्रिटन युरोपीय व्यवस्थेतून बाहेर पडलं, आणि १ जानेवारी २०२१पासून ब्रिटिश लायसन्सवर युरोपीय संघात नोंदलेलं विमान चालवता येईना. वैमानिक तेच, विमानं तीच, अनुभव तोच.

‘फक्त शिक्का मारतात.’ त्या ‘फक्त’मध्ये काय काय येतं ते सांगतो. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायचा. रेग्युलेशनचा पेपर आणि नेव्हिगेशन-मीटिऑरॉलॉजीचा (हवामानशास्त्राचा) मिळून असलेला कॉम्पोझिट पेपर द्यायचा. दोन्हींत ७० टक्के लागतात. रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षा वेगळी. ती अनेक वर्षं दूरसंचार खातं घ्यायचं. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ला लागू झाला आणि ती जबाबदारी डीजीसीएकडे आली. इंग्रजीचं प्रावीण्य किमान चौथ्या पातळीचं लागतं. परदेशी लायसन्स चालू स्थितीत असावं लागतं, आणि ते खरं आहे का हे तिथल्या नियामकाकडून पडताळून घेतलं जातं. ही पडताळणी हा बाबूंचा छळ आहे असं मला वाटत नाही. २०११मध्ये आपल्याकडे बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवल्याबद्दल वैमानिकांना अटक झाली होती. २०२०मध्ये पाकिस्तानच्या मंत्र्यांनी संसदेत २६२ वैमानिकांची लायसन्सं संशयास्पद असल्याचं सांगितलं, आणि युरोपने त्यांच्या सरकारी विमान कंपनीला दार लावलं. दुसऱ्याचा कागद डोळे झाकून घ्यायचा नाही, एवढाच याचा अर्थ.

बारावीचं काय? अमेरिकेत लायसन्ससाठी बारावी कुणी विचारत नाही. इथे आजवर फिजिक्स आणि गणितासह बारावी मागितली जाते. कॉमर्सवाली मुलं ओपन स्कूलमधून हे दोन विषय काढतात. अट बदलण्याची चर्चा २०२५मध्ये झाली, तेव्हा अर्ज करताना चालू नियम वाचा, मेसेज नको.

आता ‘तास सगळे धरले जातात’. खरी मेख इथे आहे, आणि परदेशी शाळांसाठी मुलं गोळा करणाऱ्या एजंटांच्या केबिनमध्ये यावर कुणी बोलत नाही.

आपल्या कमर्शियल, म्हणजे पैसे घेऊन उडण्याच्या, लायसन्सला २०० तास लागतात. अमेरिकेत ज्याला पार्ट १४१ म्हणतात त्या मंजूर अभ्यासक्रमातून १९० तासांतही कमर्शियल मिळू शकतं. म्हणजे तिथे पास होऊन आलेला मुलगा इथे आल्या आल्या दहा तास कमी. हे तसं किरकोळ, दहा तास उडून भरता येतात. त्रास होतो तो पायलट-इन-कमांडच्या, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवलेल्या, तासांचा. आपल्याला असे १०० तास हवेत. अमेरिकी नियमात प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यावर, शेजारी प्रशिक्षक बसलेला असला तरी, कंट्रोल एकट्याने हाताळले तर तो वेळ मुलगा पायलट-इन-कमांड म्हणून लिहू शकतो. बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून फक्त उपकरणं बघत उडण्याचा, म्हणजे इन्स्ट्रुमेंटचा, सराव करताना शेजारी बाहेर लक्ष ठेवायला सेफ्टी पायलट म्हणून बसलेला मित्रही बऱ्याचदा तोच तास स्वतःच्या लॉगबुकात तसाच चढवतो. तिथे हे कायदेशीर आहे, त्यात लबाडी नाही. पण आपल्याकडे प्रशिक्षकासोबत शिकलेला तास ‘ड्युअल’ म्हणूनच लिहायचा असतो. त्यामुळे लॉगबुक भरभक्कम दिसतं, बेरीज १००च्या वर जाते, आणि छाननीला बसलं की आकडा घसरतो.

शिवाय डीजीसीएला हवेत: स्वतः कमांडमध्ये केलेले २० तासांचे क्रॉसकंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाणारी उड्डाणं, त्यात ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग. इन्स्ट्रुमेंटचे १० तास, त्यातले सिम्युलेटरवरचे जास्तीत जास्त पाच. रात्रीचे पाच तास, दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंगसह.

यांतल्या काही गोष्टी अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतल्या असाव्या लागतात: कमांडचे १५ तास, रात्रीची ती लँडिंग्ज, स्किल टेस्ट म्हणजे उड्डाणाची परीक्षा. मुलं ‘करन्सी’ म्हणतात ती हीच. मुलगा परत येतो, घरी कौतुक होतं, मग तो अभ्यासाला बसतो. एक पेपर राहतो, आरटीआरची तारीख पुढे जाते, पडताळणीचं उत्तर येत नाही. तोवर सहा महिने उलटतात. मग बारामतीला किंवा धुळ्याला पुन्हा विमानाचे तास विकत घ्यायचे, उड्डाणाच्या परीक्षा पुन्हा द्यायच्या. यावर उपाय सोपा आहे, फक्त उलट्या क्रमाचा. डीजीसीएचे पेपर शक्य तितके जाण्याआधी काढा, डीजीसीएची तासांची यादी तिथल्या प्रशिक्षकाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी ठेवा, आणि लॉगबुकात सोलो (एकट्याने), ड्युअल, रात्र हे रकाने पहिल्यापासून वेगळे भरा.

‘परदेशी पायलट इथे तसेच उडवतात.’ ते तसेच उडवत नाहीत. त्यांना डीजीसीए तात्पुरती परवानगी देतं, तिला फाटा (FATA) म्हणतात. ती परदेशी नागरिकांसाठी आहे, कंपनीमार्फत आणि ठरावीक मुदतीची. आपल्या मुलाच्या हातात भारतीय पासपोर्ट असेल तर ही खिडकी त्याची नाही.

‘पायलटांचा तुटवडा आहे.’ डिसेंबर २०२५मध्ये ड्युटीच्या नव्या नियमांमुळे देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला नवी मुंबईहून प्रवासी विमानं सुटू लागली. या दोन बातम्या एकत्र आल्या की असे मेसेज पिकतातच. तुटवडा आहे, पण मुख्यतः अनुभवी कॅप्टनांचा. २०२३मध्ये डीजीसीएने १,६२२ कमर्शियल लायसन्सं दिली. २०० तासांचं लायसन्स घेतलेल्या मुलाला एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७च्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसायला आधी त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याची पात्रता, लागतं, आणि त्याच्याही आधी कंपनीची निवड. उलव्यात धावपट्टी झाली म्हणून ही रांग आखूड होत नाही.

‘तिकडेच नोकरी.’ अमेरिकेत २०१३पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं सर्टिफिकेट लागतं, आणि त्याला साधारण १,५०० तास. २०० तासांच्या मुलाने उरलेले १,३०० कुठे आणि कोणत्या व्हिसावर उडायचे? विद्यार्थी व्हिसा नोकरीचा परवाना नसतो. उलट दिशेनेही तेच. भारतीय कमर्शियल लायसन्सच्या आधारे एफएए परीक्षेशिवाय देतं ते प्रायव्हेट सर्टिफिकेट, पैसे घेऊन उडायला ते चालत नाही. युरोपात एअरलाइनचं लायसन्स काढायचं तर थिअरीचे १३ पेपर पुन्हा.

एवढं असूनही परदेशात शिकणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. इथे पावसाळ्यात विमानं महिनोन्महिने जमिनीवर असतात, तर ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेत तास भराभर होतात. ‘मुलाला अमेरिकेत पाठवा’ म्हणण्यामागचं एवढं एक कारण खरं.

पैसे भरायच्या आधी मात्र क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल इथे, डीजीसीएच्या पद्धतीने करून घ्या. एफएएच्या डॉक्टरचा कागद इथे धरत नाहीत, आणि रंगदृष्टीसारखी अडचण शिकून परत आल्यावर कळली तर फी परत मिळत नाही. एजंटकडून एकच गोष्ट लेखी मागा: कोर्स संपेल तेव्हा डीजीसीएच्या हिशेबाने कमांडचे तास किती असतील. एकूण तासांचा आकडा देऊन तो गप्प बसला, तर दुसरी शाळा बघा.