चाळिशीत हिरवं होताना

वय 42. वाळूजच्या कारखान्यात 19 वर्षं प्रॉडक्शन बघितलं, घराचे हप्ते अजून 11 वर्षं आहेत, आणि परवा मीटिंगमध्ये एका पोरानं तुम्हाला ‘लेगसी’ म्हटलं. म्हणजे वेळ झाली. आता ऊर्जा बचत आणि सस्टेनेबिलिटीत शिरा.

आधी भाषा सुधारा. ‘काटकसर’ हा शब्द तोंडातून जाता कामा नये. काटकसर आई करते आणि तिला पगार नसतो. बिल कमी आलं असंही म्हणू नका, उत्सर्जनाची तीव्रता घटली म्हणा. स्कोप 1, 2, 3, म्हणजे कंपनीच्या धुराचे तीन हिशेब, पाठ करा. आपण जाळलेलं इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात आणि उरलेल्या सगळ्या जगाचा धूर तिसऱ्यात. हे तिसरं घोंगडं कायम भिजत पडलेलं असतं, म्हणून नोकरी त्याच्यावरच पक्की होते. सेबीनं 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. त्या कंपन्या आपल्या व्हेंडरला एक्सेल शीट पाठवतात, व्हेंडर ती स्टोअरच्या क्लार्ककडे देतो आणि क्लार्क मागच्या वर्षीचे आकडे थोडे कमी करून भरतो. तुम्ही फक्त आलेख हिरव्या रंगात काढायचा.

बीईईच्या, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, परीक्षेचं नाव मात्र काढू नका. एनर्जी मॅनेजरला 3 पेपर, ऑडिटर व्हायचं तर चौथा. बॉयलर, पंप, मोटर, भट्टी, सगळ्याची गणितं. अभियांत्रिकीच्या पदवीधराला 3 वर्षांचा अनुभव पुरतो आणि तुमच्याकडे 19 वर्षं आहेत, हे खरं. पण त्या परीक्षेत नापास होता येतं. त्यापेक्षा मुंबईच्या हॉटेलातला तीन दिवसांचा कोर्स करा, हजेरी लागली की प्रमाणपत्र. जाताना शाल न्या. नवा रूम एसी चालू केल्यावर आपोआप 24 अंशांवर यावा असा नियम 1 जानेवारी 2020 पासून आहे. तो 18 वर आणायला सहा वेळा बटण दाबावं लागतं, आणि तिथले मार्गदर्शक ते न कंटाळता दाबतात.

मुलाखतीत जपून बोला. आमच्या लातूरच्या एका पाहुण्याला विचारलं, ‘पाणीटंचाईच्या व्यवस्थापनाचा अनुभव आहे का?’ तो भाबडेपणानं म्हणाला, ‘2016 ला लातुरातच होतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. आंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासला.’ समोरच्यांनी विचारलं, ‘ते ठीक आहे, पण सर्टिफिकेट?’

आता प्रत्यक्ष काम. तसं ते टाळलेलंच बरं. जालन्याच्या बाजूला गेलात तर एखादा भट्टीवाला विचारील, बिलेट, म्हणजे ओतलेला पोलादाचा ठोकळा, गार होऊ द्यायचं आणि रोलिंगला, म्हणजे लाटायला, परत तापवायचं, म्हणजे भाकरी गार करून पुन्हा तव्यावर टाकायची, हे कशाला? गरम आहे तोवरच लाटून टाकलं की तेवढं इंधन वाचतं. अशा माणसाशी वाद घालू नका, त्याला स्लाइड दाखवा.

अगदीच अंगावर आलं तर सुट्टीच्या दिवशी, मशिनं बंद पण हवा दाबणारा कंप्रेसर चालू असताना, मेंटेनन्सच्या मामांना घेऊन शॉपमध्ये फिरा. मामा डिप्लोमासुद्धा नसलेले, पण कान तयार. चार पावलं चालून थांबतात. ‘साहेब, इथं हवा गळायलीय.’ तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. मग ते साबणाच्या पाण्याचा फेस लावतात आणि जॉइंटवर बुडबुडा फुगतो. 7 बार दाबाच्या लाइनला अशा बारीक गळत्या मिळून 3 मिलिमीटरच्या भोकाएवढ्या झाल्या की कंप्रेसरचे तीनेक किलोवॅट हवेत. चोवीस तास चालला तर दिवसाला 72 युनिट. अशा पंधरा गळत्या मामा दुपारच्या डब्याआधी दाखवतात. गेली आठ वर्षं दाखवतायत. दरवेळी उत्तर एकच, ‘सील आणायला बजेट नाही.’

तुम्ही मात्र गळतीवर लाल टॅग लावा, फोटो काढा आणि त्याला ‘कॉम्प्रेस्ड एअर ऑप्टिमायझेशन रोडमॅप’ म्हणा. बजेट लगेच मिळतं. सीलला नाही, रोडमॅपला. 140 पानं, जाड चकचकीत कागद, मुखपृष्ठावर हातात रोपटं. मामांचं नाव घालायचं असेल तर आभारात ‘आणि इतर’ पुरे.

एक प्रत त्यांनाही द्या. मे महिन्यात कंप्रेसरची खोली भट्टीसारखी तापते, आणि आत ओढली जाणारी हवा 4 अंशांनी तापली की वीज टक्काभर जास्त लागते. म्हणून मामांना दार उघडं ठेवायचं असतं, पण वाऱ्यानं ते सारखं आपटतं. खाली सरकवायला एवढं जाड काही त्यांना आजवर मिळालं नव्हतं.