ब्रिजर्टनच्या नावाने बाथमध्ये चाललेली वणवण

इंग्लंडमधल्या बाथ या शहराविषयी माझी काडीचीही तक्रार नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे लंडन दाखवणाऱ्या 'ब्रिजर्टन' या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेविषयीही नाही. माझी तक्रार आहे ती मोबाइलवरचा नकाशा नाचवत, 'ब्रिजर्टनचे घर कुठे आहे?' असे विचारत इथे उतरणाऱ्या आमच्याच पाहुण्यांविषयी, आणि त्याहून अधिक तो नकाशा बनवणाऱ्यांविषयी. उन्हाळा सुरू झाला, की लंडनला मुलामुलींकडे आलेले आईवडील, पुण्याहून आलेले मित्र, त्या मित्रांच्या मेहुण्या, असे कोणी ना कोणी पॅडिंग्टनहून दीडएक तासाची गाडी पकडून इथे येतेच, आणि मी या भागात राहतो एवढ्या एकाच पात्रतेवर माझी वाटाड्या म्हणून परस्पर नेमणूक होते.

तर एकदाच स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसता दुवा पाठवता येईल. ब्रिजर्टन कुटुंबाचे घर बाथमध्ये नाही. मालिकेत दिसणारा तो विटांचा दर्शनी भाग लंडनमधल्या ग्रिनिचच्या रेंजर्स हाउसचा आहे, म्हणजे तुम्ही सकाळी ज्या शहरातून निघालात, तिथलाच. त्यावर झुलणारी जांभळी विस्टेरियाची वेलसुद्धा चित्रीकरणापुरती लावलेली नकली वेल होती. दरवाजा उघडून पात्र आत शिरले, की ते कधी बकिंगहॅमशरमधल्या हॅल्टन हाउसमध्ये पोहोचते, तर कधी स्टुडिओत. कथा लंडनच्या मेफेअरमध्ये घडते आणि आजच्या लंडनमध्ये त्या काळचे सलग रस्ते सापडत नाहीत, म्हणून बाथचे काही कोपरे लंडन म्हणून वापरले गेले, एवढाच बाथचा यातला वाटा. पण कुठल्याशा प्रवास-संकेतस्थळाने या सगळ्या जागा एकाच नकाशात कोंबून वर 'एका दिवसात पाहा' असा मथळा दिला आहे, आणि तो वाचून आलेल्या माणसाला खरे सांगितले, तर आपणच त्याचे घर लपवून ठेवले असावे, अशा नजरेने तो पाहतो.

मग रॉयल क्रेसेंट. स्टेशनपासून तिथवर चढ आहे, हे सांगूनही मंडळी टाचांचे बूट घालून येतात आणि अर्ध्या वाटेतच चिडतात. जॉन वुड धाकट्याने आखलेली, 1767 ते 1775 या काळात उभी राहिलेली, 30 घरांची आणि 114 खांबांची ती मधाळ दगडाची चंद्रकोरीसारखी रांग समोर येते, आणि पहिला प्रश्न असतो, 'यातले फेदरिंग्टनचे कुठले?' मालिकेतल्या या दुसऱ्या कुटुंबाचे घर म्हणजे ते टोकाचे, 1 क्रमांकाचे. तिथे आज संग्रहालय आहे, आणि तिकीट काढून आत गेले, तर अठराव्या शतकातले श्रीमंत घर वरच्या दिवाणखान्यापासून खालच्या स्वयंपाकघरापर्यंत कसे चालत असे, ते दिसते. पण आत कोण जातो? आतले प्रसंग इथे चित्रित झालेले नाहीत हे कळताच तिकिटाचे पैसे वाचवले जातात, आणि मग 1 क्रमांकासमोर रांग मोठी आहे म्हणून शेजारच्या कुणाच्या तरी राहत्या घराच्या पायरीवर बसून फोटो काढले जातात. 'सगळी दारे सारखीच तर दिसतात' हा त्यावरचा खुलासा. त्या दारामागे माणसे राहतात, त्यांना बाजाराची पिशवी घेऊन आत शिरायचे असते, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पाहून माफी मागायची ती मी.

ॲबी ग्रीनची तऱ्हा याहून वाईट. जुन्या, अवाढव्य प्लेन वृक्षाभोवतीचा हा इवलासा चौक इतका देखणा आहे, की तिथे नुसते बसावे. मालिकेतले शिंपिणीचे दुकान याच चौकातल्या एका कोपऱ्यावर दाखवले होते. चित्रीकरणाच्या वेळी दुकानांच्या पाट्या झाकतात, रस्त्यावरच्या पिवळ्या रेषा खडीमातीखाली बुजवतात, दिवे बदलतात; काम संपले, की सगळे उचलून नेतात. याला नेपथ्य म्हणतात, आणि आयुष्यभर मराठी नाटके पाहिलेल्या माणसाला हे मी समजावून सांगावे का? तरीही 'ते गाऊन कुठे गेले?' असे विचारून नाक मुरडले जाते, आणि परतल्यावर त्या जागेला ऑनलाइन एक तारा देऊन 'काहीच नाही' असा शेरा मारला जातो. म्हणजे पडदा पडल्यावर रंगमंचावर जाऊन राजवाडा कुठे गेला, म्हणून व्यवस्थापकाशी भांडण्यासारखेच हे झाले.

आणि खरे होते ते? ग्रेट पल्टनी स्ट्रीटच्या टोकाला होल्बर्न संग्रहालय आहे, ती मालिकेतली लेडी डॅनबरीची हवेली. तिच्या फाटकापाशी फोटोसाठी उभ्या राहिलेल्या मंडळींच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडे, 4 सिडनी प्लेस हे घर आहे. 1801 पासून काही वर्षे कादंबरीकार जेन ऑस्टिन तिथे राहत होती. तिने असले दिवाणखाने जगून पाहिले, त्यातल्या लग्नांच्या सौदेबाजीवर लिहिले, आणि तिच्या घरावरची पाटी वाचायला कुणी मान वळवत नाही, कारण ते नकाशात नाही.

मला सर्वांत जास्त झोंबते ते मात्र वेगळेच. 2022 साली आलेल्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात एडविना शर्मा या पात्राला मराठी येते, असा उल्लेख आहे, आणि आमच्या लोकांचा निम्मा उत्साह त्या एका वाक्यावर पोसलेला आहे. कथेचा काळ 1814. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव अजून गादीवर होता आणि आणखी चारच वर्षांनी कंपनीने पेशवाई बुडवली. त्या कंपनीची माणसे गाठीला पैसा बांधून याच शहरात विश्रांतीला येत असत. इथल्या 'द सर्कस' नावाच्या गोलाकार चौकातल्या एका घरावर रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाची पाटी आहे. बाथ ॲबी या इथल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर सहाशेहून अधिक स्मृतिशिला आहेत, आणि हिंदुस्थानात नोकरी करून आलेल्यांची नावे त्यांत जागोजागी सापडतात. मराठी माणसाने इथे येऊन पाहावे असे काही असेल, तर ते हे. पण ॲबीच्या दारातून मी आत बोलावतो, तेव्हा उत्तर येते, 'चर्च काय, सगळीकडे असतातच हो.'

गेल्या वेळच्या एका काकांनी तर कमाल केली. दिवसभर मला दमवून, संध्याकाळच्या गाडीला तासभर उरलेला असताना त्यांनी पुन्हा नकाशा उघडला आणि मालिकेतल्या ड्यूकचा तो घुमटाचा वाडा जाता जाता करता येईल का, असे विचारले. तो वाडा म्हणजे कॅसल हॉवर्ड, आणि तो पार उत्तरेला यॉर्कशरमध्ये आहे, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले, तर म्हणाले, 'मग रिक्षा-टॅक्सी काही मिळत नाही का?'