रानातला प्रिमरोज उपटून आणू नका

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक निरोप फिरतोय: ‘जंगलातला पिवळा प्रिमरोज कुणाच्या मालकीचा नसतो, मुळासकट काढून बागेत लावा.’ हे साफ चुकीचं आहे. तिथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी रोप उपटणं हा गुन्हा आहे.

आणि उपटायची गरजच काय? नर्सरीत ‘प्रिम्युला वल्गॅरिस’ या नावानं मागा, मिळतो. (दुकानाबाहेर मांडलेले भडक लाल-निळे प्रकार संकरित असतात, ते घेऊ नका.) अर्धी सावली, ओलसर पण पाणी न तुंबणारी माती आणि कुजलेला पालापाचोळा, एवढ्यावर तो खूश असतो.

रोपं घेताना फुलात जरूर डोकवा. काहींच्या मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा हिरवट ठिपका दिसतो, काहींत परागकोशांचा झुपका. दोन्ही प्रकार जवळ असले तरच बी नीट धरतं. डार्विननं १८६२ मध्येच यावर लिहिलंय. बी ताजं असतानाच पेरा आणि वर माती लोटू नका, त्याला उजेड लागतो. हिवाळ्याची थंडी मिळाली की वसंतात उगवतं. फुलं सरल्यावर जुना गड्डा फोडूनही नवी रोपं करता येतात.