शुगर-फ्री चॉकलेट-बदाम ‘कितीही’ खाता येत नाहीत

गेल्या काही दिवसांत एकच पाककृती मला चार-पाच ग्रुपमधून आली. थोडक्यात ती अशी. बदाम, काजू, अक्रोड ओव्हनमध्ये २०० अंशांवर २० मिनिटं खरपूस भाजा. डार्क चॉकलेट वितळवून त्यात चमचाभर मध घाला, म्हणजे कडवटपणा जाईल. भाजलेला सुकामेवा गरम असतानाच त्यात घोळवा आणि डबा भरून फ्रीजमध्ये ठेवा. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘साखर अजिबात नाही! मधुमेह असणाऱ्यांनी, वजन कमी करणाऱ्यांनी कितीही खावं, शुगर वाढत नाही. लहान मुलांनाही रोज द्या.’

पदार्थ चांगला आहे, हे आधीच सांगते. आमच्या घरी तो नेहमी होतो आणि आवडीने खाल्ला जातो. माझ्या बाबांना मधुमेह आहे. हा मेसेज वाचून त्यांनी विकतच्या शुगर-फ्री चॉकलेट-बदामांचं अख्खं पाकीट एका संध्याकाळी टीव्हीसमोर संपवलं. रात्रभर पोट गुडगुडत होतं, चार वेळा उठावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून ते मला म्हणाले, “अगं, पण यात साखर नव्हती ना?” त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी वाचलं त्यावर विश्वास ठेवला. म्हणून हा मेसेज मुद्द्यागणिक तपासायला घेतला.

‘मध घाला, साखर नाही’

मध म्हणजे साखरच. त्यात साधारण ८० टक्के साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि १७-१८ टक्के पाणी. लहान चमचाभर मधातून, म्हणजे ७ ग्रॅममधून, साडेपाच ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते. तेवढ्याच चमच्यात पांढरी साखर ४ ग्रॅमच्या आसपास मावते. चमच्याला चमचा धरला तर मधच जास्त साखर देतो. खजुराची पेस्ट घातली तरी तीही साखरच.

शिवाय नुसतं ‘डार्क’ म्हणजे शुगर-फ्री नव्हे. वेष्टनावर ७० टक्के कोको लिहिलं असेल तर उरलेल्या ३० टक्क्यांत बहुतेक साखरच असते. ‘शुगर-फ्री’ला ठरलेला अर्थ आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच तसं म्हणता येतं. ‘नो ॲडेड शुगर’ हा दावा वेगळा आहे. तसं लिहिलेल्या मिल्क चॉकलेटमध्ये दुधाची साखर असतेच.

मधाचा दुसरा घोटाळा स्वयंपाकाचा आहे, आणि ज्यांनी ही कृती करून बघितली त्यांचं चॉकलेट बहुधा इथेच वाया गेलं असणार. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये विखुरलेले कोकोचे आणि साखरेचे अतिशय बारीक कण. त्याला पाण्याचा थेंब खपत नाही. वितळलेलं चॉकलेट चमच्यावरून रिबिनीसारखं खाली पडत असतं, चकाकत असतं. त्यात मध टाकून चार वेढे द्या. आधी चकाकी जाते, मग ते चमच्याला धरून बसतं आणि मिनिटभरात वाटीत ओल्या मातीसारखा खडबडीत गोळा होतो. मधातलं पाणी त्या कोरड्या कणांना एकमेकांना चिकटवतं. वाटी ओली असली किंवा डबल बॉयलरची (उकळत्या पाण्यावर वाटी ठेवून वितळवताना येणारी) वाफ आत शिरली तरी हेच होतं. असं झालं तर फेकू नका. गरम दूध चमचा-चमचा घालत घोटलं की छान सॉस होतो. मात्र बदामावर कडक, चकचकीत थर देण्याच्या कामाचं ते राहत नाही.

‘शुगर वाढत नाही’

आता खरंखुरं शुगर-फ्री चॉकलेट घेऊ. नेहमीच्या चॉकलेटमध्ये साखर वजनाने तिसरा हिस्सा ते निम्मी असते. ती काढली की तेवढी जागा कशाने तरी भरावी लागते. नुसत्या स्टीव्हियाने ती भरत नाही, कारण स्टीव्हिया साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतो आणि चिमूटभरच लागतो. म्हणून वजनासाठी पॉलिऑल, म्हणजे साखरेसारखे गोड पण पूर्ण न पचणारे पदार्थ, वापरतात. त्यातला चॉकलेटवाल्यांचा आवडता माल्टिटॉल. गोडी साखरेच्या ९० टक्क्यांच्या आसपास, पोतही जवळजवळ तसाच.

पण माल्टिटॉल शरीरात गेला की त्याचे दोन तुकडे होतात: ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल. सगळा पचत नाही, तरी बराच पचतो. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती वाढते ते सांगणारा आकडा, ३५ च्या आसपास धरतात, साखरेचा ६५. म्हणजे परिणाम अंदाजे निम्मा, शून्य नाही. चार-पाच बदामांवरच्या थरात तो जाणवणार नाही. पण १०० ग्रॅम चॉकलेट संपवलं तर त्यातल्या ४०-५० ग्रॅम माल्टिटॉलचा परिणाम वीस-पंचवीस ग्रॅम साखर खाल्ल्यासारखा असतो. एरिथ्रिटॉल या दुसऱ्या पॉलिऑलचं तसं नाही. तो रक्तातली साखर जवळजवळ वाढवत नाही. म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूची मोठी अक्षरं बघून थांबू नका, मागची घटकांची यादी वाचा. दोन्ही पाकिटांवर ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं असेल, पण मीटरवर दोन्ही सारखी वागणार नाहीत.

सुकामेव्यातही फरक आहे. ३० ग्रॅम बदामांतून तंतू वजा जाता ३ ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं मिळतात, तेवढ्याच काजूंतून ८ ग्रॅम. मेसेजमध्ये सगळ्यांना एकाच ओळीत बसवलंय.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी याची उलटी बाजू फार महत्त्वाची आहे. साखर एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर हे बदाम हाताशी असून उपयोग नाही. तेव्हा १५ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज किंवा साधी साखर लगेच पोटात जायला हवी. साखरेचं चॉकलेटसुद्धा त्या वेळी बरं नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

‘वजन कमी करणाऱ्यांनी कितीही खावं’

‘कितीही’ या एका शब्दामुळे मी लिहायला बसले. कागद घेऊन हिशेब करू. ३० ग्रॅम बदाम म्हणजे साधारण २५ दाणे, सुमारे १७४ कॅलरी. त्यांच्यावर १५ ग्रॅम चॉकलेट. ते साखरेचं असेल तर त्यात अंदाजे साडेसात ग्रॅम साखर, म्हणजे ३० कॅलरी. तिच्याजागी माल्टिटॉल आला की १६. वाचल्या १४ कॅलरी. एका बदामात ७ कॅलरी असतात. म्हणजे शुगर-फ्री घेऊन जे कमावलं ते दोन बदाम जास्त खाल्ले की गेलं. एरिथ्रिटॉल असेल तर, त्यात कॅलरी जवळजवळ नसल्याने, चार बदाम. बाकी कॅलरी बदामाच्या तेलातून आणि कोको बटरमधून येतात, आणि त्यांना साखर असण्या-नसण्याशी काही देणंघेणं नाही.

बदामाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरीच मिळतात, तक्त्यात मात्र त्या १७० च्या आसपास लिहिलेल्या असतात. काही तेल पेशींच्या भिंतींमागे अडकून तसंच बाहेर जातं. २०१६ मध्ये त्यांनीच पुढे पाहिलं की भाजलेल्या बदामांतून कच्च्यापेक्षा थोड्या जास्त, तुकडे केलेल्यांतून आणखी जास्त आणि बदामाच्या बटरमधून जवळजवळ पूर्ण कॅलरी मिळतात. म्हणून मी दाणे अख्खे ठेवते, भरड करून त्याचे गठ्ठे करत नाही. पण १२९ म्हणजेही ‘कितीही’ नव्हे.

पोटाचं तर बाबांनी अनुभवलंच. न पचलेला पॉलिऑल मोठ्या आतड्यात पाणी ओढतो, तिथले जिवाणू त्यापासून वायू करतात. युरोपीय संघात १० टक्क्यांपेक्षा जास्त पॉलिऑल घातलेल्या पदार्थावर ‘जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात’ अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. बाबांच्या पाकिटावरही होती, मागे, कोपऱ्यात.

‘२०० अंशांवर २० मिनिटं’

असं केलंत तर ट्रे बाहेर काढाल तेव्हा घरभर जळकट वास असेल. अक्रोडाचे दाणे काळपट आणि कडू, काजू बाहेरून करपलेले. बदाम १५०-१६० अंशांवर १२ ते १५ मिनिटांत होतात, काजू आणि अक्रोड ८-१० मिनिटांतच, म्हणून एका ट्रेमध्ये सगळं टाकू नये. वरचा रंग बघून फसायला होतं. एक बदाम काढून सुरीने उभा चिरा. आत फिकट, दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तसा रंग दिसला की ट्रे बाहेर. दाणे गरम असताना मऊ लागतात, म्हणून ‘अजून झाले नाहीत’ असं वाटतं आणि आपण पुन्हा आत सारतो. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. गरम ट्रेवर ते थोडे आणखी भाजलेही जातात.

कमी आचेला आणखी एक कारण आहे. बदामात ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि जास्त तापमानाला त्यापासून ॲक्रिलामाइड हे कर्करोगाच्या शंकेमुळे नकोसं रसायन बनतं. भाजणी जितकी गडद तितकं ते जास्त. कोणाला घाबरवायचं नाहीये, पण खरपूसपणाच्या हौसेपायी काळं करू नये इतकं नक्की.

आणि ‘गरम असतानाच घोळवा’ तर अजिबात नाही. गरम दाण्यांनी चॉकलेटचं टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानाला आणून थर कडक आणि चकचकीत बसेल अशी केलेली तयारी, मोडतं, थर मऊ आणि डागाळलेला राहतो.

फ्रीजबद्दल थोडक्यात. थर बसायला दहा-पंधरा मिनिटं ठीक. कायम ठेवायचे तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा बाहेर काढल्यावर आतला गारवा जाईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर हवेतली वाफ चॉकलेटवर बसते आणि वर पांढुरका थर येतो. घरातली जागा १८-२० अंशांची असेल तर फ्रीज लागतच नाही.

मुलांचं म्हणाल तर पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊच नयेत, घशात अडकतात. घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या तोंडाला लागणार नाही असाच ठेवा. चॉकलेट त्याला घातक आहेच, पण त्यात झायलिटॉल हा पॉलिऑल असेल तर थोड्याशानेही त्याची साखर धोकादायकरीत्या उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं.

या मेसेजला उत्तर म्हणून दुसरं टोकही फिरतंय: ‘एरिथ्रिटॉलने रक्ताच्या गुठळ्या होतात, फेकून द्या.’ २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त दिसले, हे खरं. पण शरीर स्वतःही थोडा एरिथ्रिटॉल तयार करतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं त्यातून सिद्ध होत नाही. प्रश्न अजून उघडा आहे. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं, आणि बाकीच्यांनीही रोज भरभरून खाऊ नये. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याच वर्षी दिवसाला शरीराच्या दर किलोमागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा सुचवली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० ग्रॅम. ती जुलाबाचा विचार करून ठरवली आहे.

मी आता बाबांसाठी करते ते असं. १५० ग्रॅम बदाम १५५ अंशांवर भाजून पूर्ण गार करते. ७५ ग्रॅम चॉकलेट घेते, आणि ते हल्ली बहुतेक वेळा शुगर-फ्री नसतं, ८५ टक्के कोकोचं साधं असतं. त्यात साखर १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे एका वाट्याच्या १५ ग्रॅम चॉकलेटमध्ये सव्वादोन ग्रॅम. अर्ध्या चमच्याच्या आसपास साखर, पॉलिऑल नाही, पोटाची तक्रार नाही. ज्यांना एवढीही नको त्यांनी एरिथ्रिटॉलचं तयार चॉकलेट आणावं. घरी कोकोत एरिथ्रिटॉल मिसळून बघितलाय, मिक्सरमध्ये कितीही बारीक केला तरी जिभेला कचकच लागते आणि तोंडात पेपरमिंटसारखा गारवा येतो.

चॉकलेटचे दोन भाग कोरड्या वाटीत ४५ अंशांपर्यंत वितळवते, तिसरा भाग बारीक चिरून त्यात टाकते आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळते. थर्मामीटर नसेल तर थेंबभर खालच्या ओठाला लावा, किंचित गार लागला पाहिजे. मग बदाम त्यात टाकून हलवायचे आणि काट्याने एकेक उचलून बटर पेपरवर ठेवायचे. सुटल्यावर वजन करून ४५-४५ ग्रॅमचे पाच छोटे डबे भरते. बाबा एक डबा दोन दिवस पुरवतात. त्यांना मोठी बरणी मिळत नाही, हे त्यांनीच सुचवलंय.

तो मेसेज तुम्ही पुढे पाठवणार असाल तर मधाची ओळ काढा, तापमान बदला आणि ‘कितीही’च्या जागी ४५ ग्रॅम लिहा.